आजीची गोळी आणि बाळाचे मूत्रपिंड

वऱ्हाडात पहिले बाळंतपण माहेरी करण्याची रीत आजही टिकून आहे. सातव्या-आठव्या महिन्यात लेक माहेरी येते. त्याच घरात आजी-आजोबांच्या गोळ्यांचा डबाही असतो. लेकीची कंबर दुखली, डोके चढले, तर त्या डब्यातील एखादी गोळी मायेने तिच्या हाती ठेवली जाते. ही माया पोटातील बाळाला महागात पडू शकते. ती का, हे समजून घेणे प्रत्येक ज्येष्ठाच्या हाती आहे.

रक्तवाहिन्यांचे दोन रखवालदार

मूत्रपिंडात रक्त गाळणाऱ्या लक्षावधी सूक्ष्म गाळण्या असतात. प्रत्येक गाळणीत एक रक्तवाहिनी आत येते व दुसरी बाहेर जाते. ओलिताच्या पाटाचे उदाहरण घेऊ. येणारा पाट मोकळा आणि पुढचे दार थोडे आवळलेले असेल, तरच वाफ्यात पाणी साचते. शरीरात येणारी वाहिनी मोकळी ठेवण्याचे काम प्रोस्टाग्लॅंडिन करते, तर जाणारी वाहिनी आवळून धरण्याचे काम अँजिओटेन्सिन. या दोहोंच्या मेळातून गाळणीत पुरेसा दाब राहतो आणि लघवी तयार होते.

निरोगी प्रौढाचा रक्तदाब भक्कम असल्याने एका रखवालदाराची रजा त्याला सहसा निभावून नेता येते. गर्भातील व नवजात बाळाचा रक्तदाब मात्र मुळातच कमी असतो, म्हणून त्याचे मूत्रपिंड या दोघांवर फार अवलंबून असते. शिवाय नव्या गाळण्या गर्भारपणाच्या सुमारे 36 व्या आठवड्यापर्यंत घडत असतात आणि ती घडण नीट होण्यासाठीही अँजिओटेन्सिन लागते. अपुऱ्या दिवसांच्या बाळाच्या गाळण्या म्हणूनच अधिक नाजूक असतात.

डब्यातील दोन गोळ्या

पहिली गोळी बीपीची. टेल्मिसार्टन, लोसार्टन, रॅमिप्रिल, एनालाप्रिल ही औषधे अँजिओटेन्सिनचे काम रोखतात. ज्येष्ठांच्या हृदयाला व मूत्रपिंडाला ती उपकारक असतात. गर्भवतीने मात्र ती घेऊ नयेत. विशेषतः चौथ्या महिन्यानंतर घेतल्यास बाळाची लघवी घटते, गर्भजल आटते आणि त्या पाण्याच्या आधाराने वाढणारी फुप्फुसेही खुंटतात. जन्मानंतर बाळाला लघवीच न होण्याचा धोका राहतो.

दुसरी गोळी दुखण्याची. डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन, अॅसिक्लोफिनॅक ही औषधे प्रोस्टाग्लॅंडिन कमी करतात. 20 व्या आठवड्यानंतर त्यांनी गर्भजल घटू शकते, असा इशारा अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने 2020 मध्ये दिला. शेवटच्या तीन महिन्यांत बाळाच्या हृदयाजवळची, जन्मानंतरच बंद व्हायची रक्तवाहिनी त्यांच्यामुळे अकाली आकसू शकते.

एक खुलासा आवश्यक आहे. काही गर्भवतींना डॉक्टर कमी मात्रेची अॅस्पिरिन मुद्दाम देतात. ती आपल्या मनाने थांबवू नये. ज्यांना आधीपासून बीपीच्या गोळ्या सुरू आहेत, त्यांनी दिवस राहिल्याचे कळताच डॉक्टरांना भेटून गोळी बदलून घ्यावी. गोळी अचानक सोडणेही धोक्याचे असते.

बाळ घरी आल्यावर

लघवीतून पाणी वाचवण्याचा संदेश देणारे व्हॅसोप्रेसिन हे आणखी एक संप्रेरक. नवजात मूत्रपिंड त्याला पुरती साथ देत नाही. अकोला-अमरावतीच्या उन्हाळ्यात पारा 45 अंशांपलीकडे जातो. अशा वेळी बाळाला दूध कमी पडले तर त्याच्या अंगातील पाणी झपाट्याने आटते. यावर उपाय पाणी किंवा घुटी नव्हे, तर वारंवार अंगावर पाजणे. उन्हाळ्यात बाळाला दुपट्यांत घट्ट गुंडाळू नये.

आजी-आजोबांनी एवढे अवश्य पाहावे:

• पहिल्या 24 तासांत लघवी झाली का?
• पाचव्या दिवसानंतर दिवसाकाठी सहा वेळा तरी लघवी होते का?
• बाळ सुस्त आहे, दूध ओढत नाही, अंग तापले किंवा गार पडले आहे का?

शंका येताच रुग्णालय गाठावे. अमरावतीचे ‘डफरीन’ आणि अकोल्याचे ‘लेडी हार्डिंग’ ही जिल्हा स्त्री रुग्णालये सर्वांच्या परिचयाची आहेत. रुग्णवाहिकेसाठी 108 क्रमांक आहे. रुग्णालयातील प्रसूतीनंतर आशाताई 3, 7, 14, 21, 28 व 42 व्या दिवशी घरी येतात. त्यांना लघवीविषयी निःसंकोच सांगावे.

बाळंतिणीला दुखण्यासाठी डॉक्टरांनी लिहून दिलेली गोळी सहसा सुरक्षित असते. तिने दुखणे अंगावर काढू नये आणि त्यासाठी पाजणेही बंद करू नये. अपुऱ्या दिवसांच्या बाळाला मात्र कोणतेही औषध बालरोगतज्ज्ञांना विचारल्याशिवाय देऊ नये.

लेक माहेरी येण्यापूर्वी आपल्या गोळ्यांचा डबा वेगळ्या कपाटात ठेवा आणि त्यावर आपले नाव लिहा. नातवंडासाठी आजी-आजोबांनी करायची ही पहिली तयारी होय.