नाक्यावरील तपासणी आणि आपला मालमोटारचालक

माल बांधावरून निघाला कीं शेतकऱ्याचें काम संपलें, अशी समजूत आपल्यांत पुष्कळ दिसते. वस्तुतः पैसा हातीं येण्यास मध्यें एक मोठी वाट उरते, आणि त्या वाटेवर आपला प्रतिनिधि म्हणजे मालमोटारीचा चालक. फुलपाड्याकडून निघालेली गाडी विरार फाट्याशीं मुंबई-अहमदाबाद महामार्गास लागते व पुढें वसईची खाडी ओलांडून दहिसरकडे किंवा घोडबंदरच्या वाटेनें ठाणें-वाशीकडे जाते. केळीं थोडा वेळ दम धरतात. फुलें व पालेभाजी धरीत नाहींत. दोन तासांची अडवणूक झाली कीं पहांटेचा बाजार हुकतो, आणि हें जाणूनच घाबरलेला चालक खिशांत हात घालतो. यास्तव कायदा काय म्हणतो हें मालकानें स्वतः जाणून चालकास शिकविणें अवश्य आहे.

प्रथम कर्तव्य पाहूं. गणवेशांतील पोलिस अधिकाऱ्यानें हात केला कीं गाडी थांबविलीच पाहिजे व मागितल्यास परवाना दाखविला पाहिजे. परवाना दाखविण्याविषयीं मोटार वाहन कायदा, १९८८ याचें कलम १३० असें सांगतें. नोंदणी, विमा, योग्यता प्रमाणपत्र, वाहतुकीचा परवाना व प्रदूषणाचा दाखला हींही दाखवावीं लागतात. मात्र केंद्रीय नियम १३९ अन्वयें हे कागद डिजिलॉकर किंवा एमपरिवहन यांतून भ्रमणध्वनीवर दाखविले तरी चालतात. ताजीं फळें व भाजीपाला करमुक्त असल्यामुळें त्यांस ई-वे बिल लागत नाहीं. तथापि मालाची चिठ्ठी सोबत असावी.

आतां हक्क. कागद खोटा असल्याचा संशय, आरोपी पळून जाण्याची भीति, किंवा कलम २०६ मध्यें सांगितलेले ठराविक गुन्हे, एवढ्याच कारणांनीं कागद किंवा परवाना ताब्यांत घेतां येतो. पळून जाण्याच्या भीतीनें परवाना घेतला तर पोच द्यावीच लागते व त्या पोचेवर ठरलेल्या मुदतीपर्यंत गाडी हांकतां येते. परवाना, नोंदणी किंवा वाहतुकीची परवानगी नसेल तर कलम २०७ प्रमाणें गाडी अडकविली जाते; ती कागदपत्रांसह अर्ज करून सोडवितां येते.

वजनाच्या बाबतींत मात्र आपण स्वतःकडे पाहावें. २०१९ च्या दुरुस्तीनंतर जादा भारास २०,००० रुपये व प्रत्येक जादा टनास २,००० रुपये दंड कायद्यांत सांगितला आहे. जादा माल उतरविल्यावांचून गाडी हलत नाहीं. वजन करूं देण्यास नकार दिल्यास ४०,००० रुपये. हा गुन्हा चालविणाराइतकाच चालवावयास लावणाराचाही आहे. एका खेपेचें भाडें वाचविण्यासाठीं आपणच पोतीं चढवावयाचीं आणि दंड चालकाच्या पगारांतून कापावयाचा, हें न्यायाचें नव्हे.

सुरक्षेच्या तपासणीस चालकानें मनापासून साह्य करावें. जानेवारी १९९३ मध्यें रायगड जिल्ह्यांत गोंडघर फाट्यावर चोरट्या मालाच्या मालमोटारी पोलिसांनीं अडविल्या आणि लांच घेऊन सोडल्या. फेब्रुवारींत त्याच किनाऱ्यावर शेखाडीस स्फोटकें उतरलीं, आणि १२ मार्च रोजीं मुंबईंत २५७ माणसें प्राणांस मुकलीं. त्या पोलिसांस विशेष न्यायालयानें २००६ सालीं दोषी ठरविलें. भाजीच्या गाडीकडून पन्नास रुपये घेण्याची संवय जेथें लागते, तेथें दुसरी गाडीही पैशावर सुटूं शकते, हें विसरूं नये.

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेनें झडती व जप्तीचें दृक्-श्राव्य चित्रण करणें बंधनकारक केलें आहे. चालकास अटक झाल्यास कारण सांगावें लागतें, त्याच्या नातलगास कळवावें लागतें, आणि प्रवासाचा वेळ वगळून चोवीस तासांत दंडाधिकाऱ्यापुढें उभें करावें लागतें. वकील गांठण्याचा हक्क राज्यघटनेच्या २२ व्या अनुच्छेदानें दिला आहे.

लांच देणें हाही २०१८ पासून स्पष्ट गुन्हा आहे. मात्र सक्तीनें द्यावी लागली व सात दिवसांत कळविलें तर देणारास संरक्षण मिळतें. लांचलुचपत प्रतिबंधक विभागाचा क्रमांक १०६४ आहे.

सारांश, सभासद बंधूंनीं चार गोष्टी कराव्या: कागदांच्या मुदती पाहाव्या, माल वजनांत भरावा, पावती मिळाल्यावांचून एक रुपयाही देऊं नये असें चालकास बजावावें, आणि दंड भरावा लागला वा उशीर झाला तरी खरें सांगणाऱ्या चालकास बोल लावूं नये. मालक पाठीशीं आहे अशी खात्री असली तरच नाक्यावर चालकाच्या तोंडून कायद्याचा शब्द निघेल.