आफ्रिकेचा चित्रपट : एका मनिऑर्डरची गोष्ट

आफ्रिका म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे जंगल, सिंह आणि बंदूकवाला गोरा साहेब उभा राहतो. हे चित्र बव्हंशी चित्रपटगृहातच आपल्या मनावर ठसले, आणि ते काढणारे हात आफ्रिकेचे नव्हते. फ्रेंच वसाहतींत तर १९३४ सालच्या एका हुकुमाने सरकारी परवानगीवाचून चित्रण करण्याची सोयच ठेवली नव्हती. १९५५ साली पॉलिन व्हियेरा आणि त्यांच्या सोबत्यांनी चित्रपट काढला तो पॅरिसमध्ये, तेथल्या आफ्रिकी लोकांवर!

पुढे सेनेगल स्वतंत्र झाला आणि उस्मान सेम्बेन (१९२३–२००७) पुढे आले. या माणसाकडे माझा ओढा आहे, हे मी लपवीत नाही. शाळा लवकर सुटली, गवंडीकाम केले, महायुद्धात फ्रेंच फौजेत राबले आणि मग मार्सेच्या गोदीत हमाली केली. तेथेच ते कामगार संघटनेत शिरले व वाचू-लिहू लागले. १९४७-४८ च्या आफ्रिकेतील रेल्वे संपावर त्यांनी कादंबरी लिहिली, ती १९६० साली प्रसिद्ध झाली. पण ती फ्रेंच भाषेत! ज्यांनी उपाशी राहून तो संप लढवला, त्यांतल्या कितीकांना ती वाचता येणार? तेव्हा चाळिशीच्या उंबरठ्यावर हे गृहस्थ मॉस्कोला चित्रपट शिकायला गेले. चित्रपट म्हणजे आमच्या लोकांची रात्रशाळा, असे ते मानीत.

१९६३ च्या त्यांच्या पहिल्या छोट्या चित्रपटात डाकारचा एक गाडीवान आहे. दिवसभर लोकांना वाहून नेतो, पैसे क्वचितच मिळतात; अखेर श्रीमंत वस्तीत गाडी नेली म्हणून पोलीस ती जप्त करतो. कथा एवढीच.

पण खरी ओळख करून घ्यायची ती १९६८ च्या 'मंडाबी'ची. मंडाबी म्हणजे मनिऑर्डर. गिरणगावातून कोकणात जाणाऱ्या मनिऑर्डरींवर ज्यांची घरे चालली, त्यांना त्या शब्दाचे वजन मी काय सांगावे? इब्राहिमा दिएंग हा बेकार, दोन बायकांचा, सात मुलांचा धनी. पॅरिसमध्ये रस्ते झाडणारा भाचा पंचवीस हजार फ्रँक धाडतो. त्यांतले मामाचे फक्त दोन हजार. बाकी ठेव आणि भाच्याच्या आईचा वाटा. वाड्यात बातमी फुटते, उसने मागणारे दाराशी येतात, वाणी उधारी देतो. पोस्टात मात्र ओळखपत्र मागतात. ओळखपत्राला जन्माचा दाखला हवा, दाखल्याला जन्मतारीख हवी, आणि ती कोणी लिहून ठेवलेली? शेवटी एक शिकलेला नातलग मुखत्यारपत्रावर सही घेतो, पैसे उचलतो आणि चोरीला गेले म्हणून सांगतो. हातात पडते तांदळाचे एक पोते.

गोरा साहेब या कथेत जवळजवळ नाहीच. लुबाडणारा आपल्यातलाच आहे, हे स्वातंत्र्यानंतर आठ वर्षांत पडद्यावर सांगायला छाती लागते. आणि पात्रे बोलतात वोलोफ, म्हणजे डाकारच्या बाजारातली भाषा. दोनच वर्षांपूर्वीच्या त्यांच्या चित्रपटात फ्रान्समध्ये नेलेल्या निरक्षर मोलकरणीचे मनोगतसुद्धा फ्रेंचमध्ये ऐकू येत होते.

विषय पुढे वाढत गेले. जिब्रिल दियोप माम्बेती यांनी १९७३ मध्ये पॅरिसला पळू पाहणारे तरुण जोडपे दाखवले. साफी फाये यांनी १९७५ मध्ये भुईमुगाच्या शेतीत पिचलेले आपले गाव. मालीच्या सुलेमान सिसे यांनी १९८७ मध्ये बापलेकाच्या वैराची पुराणकथा. खुद्द सेम्बेन २००४ मध्ये, ऐंशीच्या घरात, मुलींच्या सुंतेविरुद्ध उभ्या राहिलेल्या एका बाईची कथा घेऊन आले.

आता चित्रपट काढला, पण तो दाखवायचा कोठे? चित्रपटगृहे परदेशी कंपन्यांच्या मुठीत. तेथे फ्रेंच, अमेरिकन आणि, हो, आपले हिंदी बोलपटही चालत. म्हणून १९६९ साली अपर व्होल्टाच्या (आताच्या बुर्किना फासोच्या) वागाडुगू शहरात आफ्रिकी चित्रपटांचा महोत्सव सुरू झाला, आणि पुढच्याच वर्षी तेथल्या सरकारने देशातली चित्रपटगृहे कंपन्यांकडून काढून ताब्यात घेतली.