कारवीला एटीकेटी नाही!

आधीच सांगून टाकते. माझं शिक्षण कॉन्व्हेंटमधलं, तेव्हा शुद्धलेखनाच्या चुका पोटात घाला. खाडीवर पक्षी बघायला पहिल्यांदा गेले तेव्हा ग्रुपमधले एक काका दुर्बीण डोळ्याला लावून ओरडले, "रोहित आले, रोहित आले!" आणि मी मागे वळून रस्त्याकडे बघायला लागले. कोण हा रोहित? सगळे हसले. रोहित म्हणजे फ्लेमिंगो, हे मला वयाच्या अठराव्या वर्षी कळलं!

हा ग्रुप बीएनएचएसचा, म्हणजे बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचा. नाव ऐकून वाटतं, इथे फक्त शास्त्रज्ञ जात असतील. पण याची सुरुवात चक्क एका कट्ट्यासारखी झाली. १५ सप्टेंबर १८८३ ला भायखळ्याच्या म्युझियममध्ये (आजचं भाऊ दाजी लाड संग्रहालय) आठ जण जमले. त्यात दोन आपले डॉक्टर होते, आत्माराम पांडुरंग आणि सखाराम अर्जुन. हे दुसरे म्हणजे डॉ. रखमाबाईंचे सावत्र वडील. बेत साधा होता: महिन्यातून एकदा भेटायचं, कोणी काय पाहिलं ते सांगायचं, सापडलेल्या वस्तू दाखवायच्या. पुढे फिप्सन नावाच्या वाइनच्या व्यापाऱ्याने फोर्टमधल्या आपल्या दुकानात एक खोली दिली. (निसर्ग मंडळ आणि तेही वाइनच्या दुकानात! आमच्या प्रिन्सिपल सरांनी परमिशन दिली असती का?) तिथे १८९४ पासून १९२० पर्यंत एक धनेश पक्षी राहायचा. संस्थेच्या बोधचिन्हावर आहे तो हाच.

आपलं टाइमटेबल एचओडी लावतात, यांचं ऊन, पाऊस आणि भरती-ओहोटी लावते. रोहित चिखलातलं बारीक शेवाळ खातात. पूर्ण भरतीला चिखल पाण्याखाली जातो, पूर्ण ओहोटीला पक्षी लांब आत जातात. म्हणून मधली वेळ गाठायची, आणि ती रोज साधारण ५० मिनिटांनी पुढे सरकते. एका रविवारी सकाळी ७, तर कधी भर दुपारी! पूर्वी सगळे शिवडीला जायचे. जानेवारी २०२४ मध्ये तिथूनच अटल सेतू सुरू झाला. आता बरीच मंडळी ऐरोली-भांडुपच्या बाजूला, ठाणे खाडीवर जातात. ठाणे खाडी २०१५ पासून फ्लेमिंगो अभयारण्य आहे आणि २०२२ मध्ये तिला रामसर दर्जाही मिळाला.

पावसाळा सरला की गोरेगावला, फिल्मसिटीजवळच्या त्यांच्या केंद्रात फुलपाखरांबरोबर ब्रेकफास्ट असतो. सकाळीच का? तर फुलपाखराला स्वतःचं इंजिन गरम करता येत नाही. उन्हात पंख पसरून आधी बसावं लागतं, मग उडता येतं. तेवढ्या वेळात आपण जवळून बघून घ्यायचं. आपलं राज्य फुलपाखरू नीलवंत (२०१५ पासून) लिंबाच्या जातीच्या झाडांवर अंडी घालतं, हेही मला तिथेच पोहे खाताना कळलं.

पण मला खरं सांगायचंय ते कारवीबद्दल. नॅशनल पार्कमध्ये ही झुडपं सात वर्षं नुसती पानं घेऊन उभी असतात. आठव्या वर्षी सगळी एकदम फुलतात, जांभळा डोंगर! २००८, २०१६, २०२४. एकदा फुललं, बी धरलं की झुडूप मरतं. पुढची पिढी एकाच पावसात रुजते, म्हणून पुन्हा सगळ्यांची वेळ एकच. असं का, याचं एक उत्तर म्हणजे एवढं बी एकदम पडलं की किडामुंगीने कितीही खाल्लं तरी उरतंच.

सप्टेंबर २०२४ मध्ये कारवी बघायला जायचं ठरलं आणि दुसऱ्याच दिवशी माझं सबमिशन! मी नाही म्हणणार होते. घरी सहज बोलले तर आजी म्हणाली, "कारवी? आमच्या घराचे कूड कारवीचेच होते गं. काठ्या उभ्या करून वर शेणमाती लिंपायची." आजी कर्जतकडची, वय ८०. तिला यायचं होतं, पण गुडघे! पुढचा बहर २०३२ ला. मी हिशोब केला आणि गप्प बसले. मग सबमिशनला फाइल अर्धीच गेली. कारवीला एटीकेटी नाही ना!

फोटो दाखवले तर आजी म्हणाली, "फुलं ठीक आहेत, पण ती फुटते तो आवाज ऐकलास का?" मला वाटलं, आजी काहीतरीच बोलतेय. ग्रुपमध्ये काकांना विचारलं. ते म्हणाले, बरोबर आहे. वाळलेली बोंडं उन्हाळाभर तशीच राहतात आणि पुढच्या वर्षीच्या पहिल्या पावसात भिजली की फटाफट फुटून बी लांब उडतं. म्हणून २०२५ चा पहिला पाऊस झाल्यावर आम्ही दहा-बारा जण पुन्हा गेलो. फुलं नाहीत, काही नाही, नुसत्या वाळक्या काड्या. कोणी बोलायचं नाही असं ठरलं होतं. पाच मिनिटांनी टक्... टक् टक्... सुरू झालं. मी मोबाइलवर रेकॉर्ड केलं.

आजीने मोबाइल कानाला लावला, उलटा. मी सरळ करून दिला. तिने तीनदा ऐकलं आणि म्हणाली, "हां, हाच."