कायझर्सवेर्टचे मातृगृह

ऱ्हाईनकाठचे कायझर्सवेर्ट आज ड्युसेलडॉर्फ शहराचा भाग आहे. १८२२ साली थिओडोर फ्लीडनर हा तरुण पाळक म्हणून तिथे आला, तेव्हा ते कॅथलिक वस्तीचे छोटेसे गाव होते. त्याची मूठभर प्रॉटेस्टंट मंडळी एका मखमल कारखान्याच्या आधाराने तगून होती. तो आला आणि थोड्याच दिवसांत कारखाना बुडाला. मंडळीला पाळक पोसणे परवडेना. फ्लीडनरने गाव सोडले नाही. झोळी उचलली आणि वर्गणीसाठी हॉलंड, इंग्लंड पालथे घातले.

वर्गणी मिळाली, पण त्याहून मोलाचे त्याने डोळ्यांनी पाहिले. हॉलंडच्या मेनोनाइट मंडळ्यांत गरीब-आजाऱ्यांकडे बघायला मंडळीनेच नेमलेल्या बायका असत. त्या डीकनेस, म्हणजे सेविका. इंग्लंडात एलिझाबेथ फ्राय कैदी स्त्रियांसाठी झटत होत्या. या दोन गोष्टी त्याच्या मनात घर करून राहिल्या. सप्टेंबर १८३३मध्ये तुरुंगातून सुटलेली एक बाई दारात आली, तेव्हा त्याने आणि त्याची पत्नी फ्रीडरिकेने तिला आपल्या बागेतल्या छोट्या खोलीत ठेवून घेतले. संस्थेची सुरुवात त्या खोलीत आहे.

ऑक्टोबर १८३६मध्ये इस्पितळ उघडले. पहिली डीकनेस गेरट्रूड राइशार्ट, एका डॉक्टरची मुलगी, तेव्हा पन्नाशीला टेकली होती. हे पाऊल केवढे धाडसाचे होते, ते समजून घ्यायला हवे. धर्मसुधारणेनंतर प्रॉटेस्टंट मुलुखात मठ बंद झाले. कॅथलिक मुलीला जोगीण होऊन रुग्णसेवा करता येई. प्रॉटेस्टंट अविवाहित मुलीला ती वाट उरली नव्हती. शिवाय इस्पितळात पैशांसाठी काम करणाऱ्या बायांकडे लोक नाक मुरडून बघत. आईबापांनी लेकीला तिथे पाठवायचे कसे?

फ्लीडनर पतिपत्नीने याचे उत्तर मातृगृहात शोधले. मुलीने तिथे राहायचे, शिकायचे आणि मातृगृह पाठवील तिथे जायचे. पगार नाही, हातखर्चापुरते पैसे. पण आजारपण आणि म्हातारपण मातृगृहाचे. आजन्म व्रत नाही, लग्न करायचे तर जाता येई. वेश ठरवला तोही विचार करून: निळा झगा आणि पांढरी टोपी. तशी टोपी त्या काळी लग्न झालेल्या घरंदाज बाईची खूण होती. ती घातलेली एकटी मुलगी रस्त्याने मानाने चालू शके. मला या साऱ्या व्यवस्थेत ती टोपीच सर्वांत मोठी युक्ती वाटते. शिस्त मात्र कडक होती आणि आज्ञापालन सक्तीचे. मातृगृहाने घेतलेल्या काळजीची किंमत मुलींनी मोकळीक देऊन चुकवली, हेही खरे.

घर चालवले फ्रीडरिकेने. मुलींची पारख, त्यांची शिकवण, स्वयंपाकघर, हिशेब आणि त्यात एकामागून एक बाळंतपणे. १८४२मध्ये ती गेली. पुढच्या वर्षी फ्लीडनरने हॅम्बुर्गच्या कारोलिने बेर्थो हिच्याशी लग्न केले आणि मातृगृहाची धुरा तिने उचलली.

१८५१ साली तीन महिने तिथे राहिलेली एक इंग्रज स्त्री पुढे जगाला ठाऊक झाली: फ्लॉरेन्स नाइटिंगेल. उतारवयात तिने स्पष्ट लिहिले की तिथली शुश्रूषा कुचकामी आणि स्वच्छता भयंकर होती. पण तशी निष्ठा मात्र तिने दुसरीकडे पाहिली नव्हती. मला दोन्ही निवाडे पटतात. कायझर्सवेर्टने आधुनिक नर्सिंगचे शास्त्र घडवले नाही. सामान्य घरातल्या मुलीला घराबाहेर अब्रूने करता येईल असे काम मात्र दिले, आणि त्या शास्त्राला माणसे तिथूनही मिळाली.

हॉलंडहून आणलेली कल्पना १८४४मध्ये उट्रेख्टच्या डीकनेस-गृहाच्या रूपाने हॉलंडला परतली. १८४९मध्ये सेविका अमेरिकेत पिट्सबर्गला गेल्या, १८५१मध्ये जेरुसलेमला. १८६४ साली फ्लीडनर वारला, तोवर मातृगृहे तीसच्या आसपास आणि डीकनेस सुमारे १६०० झाल्या होत्या.

कायझर्सवेर्टच्या इस्पितळाला आज नाइटिंगेलचे नाव आहे. तिकडे जाणे झाले तर ती पाटी वाचताना फ्रीडरिके फ्लीडनरचीही आठवण ठेवा.