स्कीइंगला मुलं पुढे, आईबाबा मागे

आजचा भाग अमेरिकेतल्या आईबाबांसाठी. मुलं 14-15 वर्षांची झाली की बर्फावर आपल्याला मागे टाकतात. त्यांच्या पाठी धावून उपयोग नाही; जे ठरवायचं ते चेअरलिफ्टमध्ये बसायच्या आधी ठरवा.

एक, उतारांच्या खुणा. हिरवा गोल सोपा, निळा चौकोन मध्यम, काळा डायमंड अवघड. पण ही तुलना त्या-त्या रिसॉर्टपुरतीच असते. इथला निळा तिथल्या काळ्याएवढा कठीण निघू शकतो. ‘मला ब्लॅक जमतो’ म्हणणाऱ्यालाही नव्या डोंगरावर पहिली फेरी सोप्या उतारावरच मारायला लावा.

दोन, झाडी. फांद्यांखाली बुंध्याभोवती भुसभुशीत बर्फाचा खड्डा लपलेला असतो. त्यात डोकं खाली होऊन पडलं तर स्वतःहून निघणं फार कठीण, जीव गुदमरतो. म्हणून झाडीत एकट्याने जायचं नाही. जोडीदार सतत नजरेत हवा.

तीन, फोन. थंडीत लिथियम बॅटरीचा रेझिस्टन्स वाढतो, व्होल्टेज पडतं, आणि 30 टक्के चार्ज दिसत असतानाही फोन बंद पडू शकतो. तो आतल्या खिशात, अंगाजवळ ठेवा. पण भिस्त त्याच्यावर नको.

माझी मोठी चुलतबहीण कोलोरॅडोत असते. ताईचा नियम सरळ आहे: साडेबाराला ठरलेल्या लिफ्टखाली, फोन लागो न लागो. भाचा कुरकुरतो, पण वेळेवर येतो. कारण तोपर्यंत त्याला कोणी फोन करत नाही. मोकळीक हवी, तर वेळ पाळायची, हे त्या वयाला बरोबर कळतं.