क्रीटच्या माळावरील आमरी

ऑर्किड म्हटले म्हणजे आपल्यापैकी बहुतेकांच्या डोळ्यांपुढे काचगृहात जपलेले, नाहीतर समारंभात सन्मानाने हाती दिलेले एक भारदस्त फूल उभे राहते. शिलाँग, गंगटोक किंवा कालिम्पाँग या बाजूस राहणाऱ्या श्रोत्यांना ते झाडाच्या खोडावर बसलेले ठाऊक असते. सह्याद्रीच्या रानात हिंडलेल्यांनी पावसाच्या तोंडाशी फांद्यांवरून लोंबणारे गुलाबी तुरे पाहिलेले असतात. मराठीत या सबंध कुळाला आमरी असे सुटसुटीत नाव आहे, आणि आज तेच मी वापरणार आहे. मात्र ज्या आमरींविषयी सांगावयाचे आहे त्या झाडावर वाढत नाहीत, काचगृहात नांदत नाहीत आणि फुलदाणीत तर मुळीच शोभत नाहीत. त्या भूमध्य समुद्राकाठच्या खडकाळ माळावर, शेळ्यांच्या पायवाटेशेजारी, वीतभर उंचीच्या देठावर उगवतात. फूल अंगठ्याच्या नखाएवढे. तरीही दरवर्षी एप्रिल महिन्यात युरोपच्या थंड देशांतून शेकडो माणसे केवळ त्यांच्यासाठी ग्रीसच्या क्रीट बेटावर येतात आणि सुटीचे आठ दिवस गुडघे टेकून, हातात भिंग घेऊन घालवितात.

त्यांनी एप्रिलच का निवडावा, हे समजण्यासाठी तेथील ऋतुचक्र आपल्या ऋतुचक्राशी ताडून पाहिले पाहिजे. क्रीट श्रीनगरच्या किंचित उत्तरेस येते, पण चहूबाजूंनी समुद्र असल्यामुळे किनाऱ्यावर थंडीचा कडाका नाही. आपला पाऊस आषाढ-श्रावणात. त्यांचा पाऊस नोव्हेंबरपासून फेब्रुवारीपर्यंत. उन्हाळा जवळजवळ कोरडा ठणठणीत. म्हणजे जमिनीत ओल असताना ऊन मिळण्याचा काळ तेथे एकच, मार्च ते मे. आपल्याकडे कासच्या पठारावर भाद्रपदात जी लगबग दिसते तीच तेथे चैत्र-वैशाखात चालते, आणि त्याच कारणाने: थोड्या दिवसांत फुलावयाचे, बी धरावयाचे आणि कोरड्या दिवसांपूर्वी जमिनीखाली परत जावयाचे. त्यांच्या वसंताला आपण त्यांचा श्रावण म्हटले तरी चालेल.

क्रीट पूर्व-पश्चिम सुमारे २६० किलोमीटर लांब आहे. त्यामानाने रुंदी अगदी थोडी, पण मध्येच प्सिलोरितिस, म्हणजे प्राचीनांचा इडा पर्वत, २,४५६ मीटरपर्यंत चढतो. एप्रिलमध्ये त्याच्या माथ्यावर बर्फ असते आणि पायथ्याशी लिंबे पिकलेली असतात. उत्तर किनाऱ्यावरील रेथिम्नो शहरापासून दक्षिणेकडे सुमारे ३० किलोमीटरवर स्पीली नावाचे एक टुमदार गाव आहे. गावच्या चौकात दगडी सिंहमुखांच्या ओळीतून झऱ्याचे पाणी अखंड वाहत असते. आमरी शोधणाऱ्यांचा मुक्काम बहुधा येथे पडतो, कारण गावाच्या वरच्या अंगास, केद्रोस पर्वताच्या कुशीत, गिऊस कांबोस नावाचे पठार आहे.

या पठारावर पाऊल टाकताच आमरी दिसतात असे मात्र नाही. प्रथम दिसतात ते ट्यूलिप. लालभडक रानटी ट्यूलिप, शेतांमधून पसरलेले. नंतर काटेरी, गुडघाभर उंचीची झुडपे, त्यांतून येणारा थाइमचा आणि सेजचा उग्र वास. घाईचा प्रवासी येथे छायाचित्र घेतो आणि परततो. जो खाली बसतो त्याला पाच-दहा मिनिटांनी डोळा बसल्यावर पहिली आमरी दिसते, आणि मग मघापासून आपण तिच्या बहिणींच्या मध्येच उभे होतो असे ध्यानात येते. इटालियन आमरीच्या गुलाबी तुऱ्यातील प्रत्येक फुलाला हातपाय पसरलेल्या चिमुकल्या माणसाचा आकार असतो. बोरीची आमरी हे नाव मिळालेली एक जात आहे. बहुतेक तुरे खालून वर उमलत जातात, ही मात्र शेंड्यापासून खाली उमलते. सेरापियास नावाच्या आमरीचे फूल म्हणजे काळपट तांबडी जीभ बाहेर काढलेला एक लहानसा बोगदा. त्यात मध नसतो, पण सायंकाळी थंडी पडू लागली की एकांड्या मधमाश्या त्यात शिरून रात्र काढतात आणि सकाळी निघताना पराग अंगावर घेऊन जातात. धर्मशाळेचे भाडे इतक्या सोप्या रीतीने वसूल झालेले मी अन्यत्र ऐकले नाही.

परंतु लोक ज्यासाठी समुद्र ओलांडून येतात ती ऑफ्रिस, म्हणजे माशी-आमरी. हिच्या फुलाची खालची पाकळी, जिला ओठ म्हणतात, ती मखमली, तपकिरी, कडेला केसाळ आणि मध्ये निळसर चकाकीची असते. पाहताक्षणी फुलावर एक माशी बसली आहे असेच वाटते. हे साम्य कशासाठी, हा प्रश्न विद्वानांना फार दिवस छळीत होता. रॉबर्ट ब्राऊन या वनस्पतिशास्त्रज्ञाने असे सुचविले होते की जागा आधीच व्यापलेली आहे असे भासवून कीटकांना दूर ठेवण्यासाठी हे सोंग असावे. चार्ल्स डार्विन यांनी १८६२ मध्ये आमरींच्या परागीभवनावर एक सबंध ग्रंथ लिहिला, पण इंग्लंडातील माशी-आमरीने त्यांनाही कोड्यात टाकले. तिचे परागपुंज आपोआप पुढे झुकून तिच्याच गर्भमुखावर टेकतात. मग हा एवढा साजशृंगार कोणासाठी, याचे समाधानकारक उत्तर त्यांना सापडले नाही.

उत्तर सापडले ते अल्जीरियात, आणि तेही एका न्यायाधीशाला. पुयान या नावाचे हे फ्रेंच गृहस्थ न्यायदानातून उरलेला वेळ माळावर बसून काढीत. आरसा-आमरी नावाच्या जातीवर एक विशिष्ट गांधीलमाशी येते हे त्यांनी वर्षानुवर्षे पाहिले. त्यांच्या लक्षात दोन गोष्टी आल्या. एक, येणारे कीटक सारे नर. दोन, मादी जमिनीतून बाहेर पडण्यापूर्वीच्या दिवसांत त्यांची गर्दी अधिक. नर आधी जन्मतात आणि जोडीदारीण शोधीत भटकतात. नेमक्या त्याच दिवसांत ही आमरी उमलते. नर फुलाला मादी समजून त्याच्याशी मीलनाचा प्रयत्न करतो आणि त्या धडपडीत परागपुंज त्याच्या डोक्याला चिकटतात. दुसऱ्या फुलाकडे तो पुन्हा फसला की आमरीचे काम झाले. स्वित्झर्लंडचे कोरेव्हाँ यांच्यासह पुयान यांनी हे १९१६ मध्ये प्रसिद्ध केले. पुष्कळांनी त्यावर विश्वास ठेवला नाही. कारण विद्वानांना प्रयोगशाळेतील पुरावा लवकर पटतो, रिकामपणी बसून पाहिलेले उशिरा पटते.

पुढील काळात स्वीडनच्या बर्टिल कुलेनबर्ग यांनी या कोड्यात दिसण्यापेक्षा वासाचा भाग किती मोठा आहे हे दाखविले; त्यांचा विस्तृत अभ्यास १९६१ मध्ये प्रकाशित झाला. १९९९ मध्ये शीस्टल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आणखी एक पाऊल टाकले. कोळी-आमरी म्हणून ओळखली जाणारी एक जात आणि तिला फसणारी एकांडी मधमाशी या दोघींच्या अंगावरील मेणचट द्रव्ये त्यांनी तपासली, तेव्हा नराला भुलविणारे मिश्रण दोन्हीकडे तेच निघाले. याहून गमतीची गोष्ट पुढे कळली. परागीभवन झालेल्या फुलाच्या वासात एक नवे द्रव्य वाढते, आणि मीलन झालेल्या मादीच्या अंगीही तेच असते. म्हणजे कार्य आटोपलेले फूल नराला परस्पर परत धाडते आणि शेजारची उरलेली फुले त्याला दाखवून देते. या माशी-आमरीच्या जाती किती, यावर अद्याप एकमत नाही. कोणी विसांच्या आत-बाहेर मानतो, कोणी तीनशेंच्या वर नेतो. संध्याकाळी स्पीलीच्या भोजनगृहांत या प्रश्नावर जे वाद चालतात ते ऐकण्यासारखे असतात, असे तेथे जाऊन आलेली मंडळी सांगतात.

फुलाच्या या चातुर्यावरून आमरी मोठी बळकट वनस्पती असावी असे वाटेल. वस्तुस्थिती उलट आहे. तिचे बी धुळीसारखे सूक्ष्म असते. एका बोंडात हजारो. पण त्या बियांजवळ शिदोरी नसते. नारळ, हरभरा किंवा गहू आपल्या रोपासाठी अन्न बांधून देतात, तसे येथे काही नाही. जमिनीतील एखादी अनुकूल बुरशी त्या बीजात शिरली आणि तिने अन्न पुरविले तरच रोप धरते. फ्रान्सच्या नोएल बर्नार यांनी ही गोष्ट १८९९ मध्ये ओळखली. अशा रोपाला पहिले फूल यावयास कित्येक वर्षे लागतात. म्हणून माळावरची आमरी उपटून बागेत नेणारा बहुधा एक मरणारे रोप घरी नेत असतो. बुरशीचे ते अदृश्य बिऱ्हाड मागेच राहते.

जमिनीखाली तिचे दोन गोल कंद असतात. एक गतवर्षीचा, सुरकुतत चाललेला. दुसरा पुढील वर्षासाठी भरत असलेला. या जोडीच्या आकारावरून प्राचीन ग्रीकांनी तिला ऑर्किस, म्हणजे अंड, हे नाव दिले, आणि आकार तसा गुण या समजुतीने ती वीर्यवर्धक ठरली. अरबांनीही याच कल्पनेने या कंदांना कोल्ह्याचे अंड म्हटले. त्यातील कोल्ह्यासाठी असलेला सालब हा शब्द तुर्कांनी सालेप असा उच्चारला. आता श्रोत्यांपैकी ज्यांच्या गावी काष्ठौषधींचे जुने दुकान असेल त्यांना ओळख पटली असेल. दुधात उकळून पौष्टिक म्हणून दिली जाणारी सालममिश्री, उत्तरेकडील सालब मिसरी, ती हीच. मिसरी म्हणजे मिसर देशाकडून आलेली. पुढे तिच्या जागी हिमालयातील सालमपंजाही येऊ लागला. तोही एका आमरीचाच कंद, फक्त हाताच्या पंजासारखा. आणि अतोनात खणतीमुळे तोही दुर्मिळ झाला आहे.

एक किलो सालेपची पूड व्हावयास हजारांहून अधिक कंद लागतात. खणणारा भरलेला, ताजा कंद घेतो आणि सुरकुतलेला टाकतो. म्हणजे पुढील वर्षीचे झाड तो घेऊन जातो. तुर्कस्तानात सालेपचे गरम पेय आणि त्याने घट्ट केलेले आइस्क्रीम फार लोकप्रिय आहे. अठराव्या-एकोणिसाव्या शतकांत लंडनच्या रस्त्यांवरही हे पेय विकले जात असे. १९७३ च्या आंतरराष्ट्रीय कराराने, जो १९७५ पासून अमलात आला, आमरींच्या साऱ्या कुळाचा परदेशी व्यापार नियंत्रणाखाली आणला. पण डोंगरातील कुदळीवर करारांचे लक्ष नेहमीच राहते असे नाही.

खणतीइतकाच दुसरा धोका अधिक सभ्य वेषात येतो. गिऊस कांबोससारख्या जागा टिकल्या त्या कोणी राखल्या म्हणून नव्हे, तर त्यांतून फारसे उत्पन्न निघत नाही म्हणून. नापीक जमीन, अधूनमधून शेळ्या, क्वचित उथळ नांगर. ट्यूलिपचा कंद खोल असल्यामुळे तो नांगराखाली तग धरतो. आमरीचा वर असतो. एका नांगरटीत वीस वर्षांची वस्ती संपते. खत घातले तर गवत माजते आणि तिला झाकून टाकते. उलट, जमीन पूर्णपणे सोडून दिली, शेळ्याही येईनाशा झाल्या, तर झुडपे वाढून तिचे ऊन हिरावतात. शेळी एका बाजूने तुरे खाते, दुसऱ्या बाजूने माळ उघडा ठेवते. तिच्याविषयी एक ठाम मत बनविणे मला जमलेले नाही. आणि फुलांचे प्रेमीही निर्दोष नाहीत. एका सुंदर तुऱ्याचे छायाचित्र घेताना जो आडवा पडतो, त्याच्या कोपराखाली अजून न फुललेली चार रोपे पानांच्या चक्राच्या रूपाने असतातच.

आठ दिवस खालीच पाहून मान अवघडते, तेव्हा वर पाहावे. स्पीलीच्या दक्षिणेकडील घळींवर गिधाडे घिरट्या घालतात. आपल्याकडे त्यांची संख्या कशी घटली हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना तो देखावा निराळाच वाटेल. फार नशीब असेल तर दाढीवाले गिधाड दिसते. हाडे उंचावरून खडकावर टाकून फोडणारा हा पक्षी ग्रीसमध्ये आता केवळ क्रीटमध्येच वीण करतो. मधमाश्या खाणारे रंगीत राघू थव्यांनी आफ्रिकेहून उत्तरेस जाताना येथे थांबतात. एप्रिल सरता सरता मादागास्करकडून एलिओनोराचा ससाणा परततो. त्याला घाई नसते. इतर पक्षी अंडी घालीत असताना तो हिंडत राहतो आणि पिल्ले काढतो ती शरद ऋतूच्या तोंडावर, दक्षिणेस परतणारे लहान पक्षी दमून समुद्रावरून येतात तेव्हा त्यांना भरविता यावीत म्हणून. सापांचे भय बाळगण्याचे कारण नाही. माणसाला घातक असा विषारी साप या बेटावर नाही.

ज्यांना एप्रिल साधत नाही त्यांनी निराश होऊ नये. वसंत क्रीटमध्ये पायऱ्या चढत वर जातो. मे महिन्याच्या मध्यास किनाऱ्यावरील माळ वाळून तपकिरी होतो, आमरींच्या जागी पोकळ बोंडांच्या काड्या उरतात आणि वाऱ्यावर ते धुळीसारखे बी उडू लागते. त्याच सुमारास वर डोंगरात, मेपल आणि काटेरी ओक यांच्या विरळ सावलीत एक पांढरट-गुलाबी फुलांची आमरी उमलते. सेफालँथेरा कुकुलाटा हे तिचे शास्त्रीय नाव. जगात क्रीटखेरीज ती अन्यत्र कोठेही नाही, आणि क्रीटमध्येही तिच्या वस्त्या मोजक्याच. तिचा माग काढीत वर चढणाऱ्यास शेळ्यांच्या गळ्यांतील घंटा आधी ऐकू येतात. तेव्हा पावले थोडी उचलावी लागतात.