एकसष्टावं मूल

छत्रपती संभाजीनगरची मुकुंदवाडी आता महापालिकेत. पण जालना रोडने करमाडकडे निघालं की जिल्हा परिषदेच्या शाळा लागतात. तिथे शिक्षक आणि पैसा, दोन्ही पटावर ठरतात. 2009च्या शिक्षण हक्क कायद्यानुसार पहिली ते पाचवीच्या 60 मुलांपर्यंत दोन शिक्षक, 61व्याला तिसरा. ‘समग्र शिक्षा’ योजनेचं वार्षिक शाळा अनुदान 30 पटापर्यंत 10,000 रुपये, 31 ते 100 पटाला 25,000. त्यातला किमान दहावा हिस्सा स्वच्छतेचा. उरलेल्यात वीजबिल, खडू, दुरुस्ती भागवायची!

ऑक्टोबर 2011च्या राज्यव्यापी पटपडताळणीत पटावरची बोगस नावं उघडी पडली. पुढे संचमान्यतेला, म्हणजे पटानुसार शिक्षकांची पदं मंजूर करण्याला, आधारची जोड आली. हेतू रास्त, जाच मात्र खऱ्या मुलांनाही. हजेरीपटावर ‘ज्ञानेश्वरी’, आधारवर ‘दन्यानेश्वरी’, एवढ्यावर पडताळणी अडते, आणि मुख्याध्यापक वर्ग सोडून लॉगिन उघडून बसतात.

म्हणून गाव सोडून कामासाठी मुकुंदवाडीत आलेल्या पालकांनो, मुलाची नोंद जुन्या शाळेकडून नव्या शाळेकडे ऑनलाइन वर्ग करून घ्या. शाळा सोडल्याचा दाखला मिळायला उशीर झाला तरी त्या कारणावरून प्रवेश लांबवता किंवा नाकारता येत नाही. शिक्षण हक्क कायद्याचं कलम 5 तसं सांगतं.